सात नंबरचं कार्ड

"माझ्याकडे चोरी झाली आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि चोर सापडला नाही तर बरं, असंही वाटतंय. तेव्हा मी नेमकी कशासाठी आले, ते मला धड सांगता येणार नाही."

शोधकबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. पहिलं वाक्य मला कळलं. दुसऱ्याचं मागाहून बघू."

शोधकबाई पूर्वी एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. छापखाना बंद पडला, 'मुद्रित' गेलं, 'शोधक' तेवढं उरलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्यावर डोळ्यांना दुसरं काम जमेना, म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली आणि लोकांच्या हरवलेल्या वस्तू, बनावट सह्या, निनावी पत्रं असं काहीबाही शोधून द्यायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर मदतीला येत. डॉक्टरांचं अक्षर वाचता येत असल्यामुळे आपल्याला जगातलं काहीही वाचता येतं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

मॅडम बासष्ट वर्षांच्या. ताठ कणा, इस्त्रीची साडी, हातात रुमालाची घट्ट गुंडाळी. चाळीस वर्षं त्यांनी मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या होत्या. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, अशी साडेतीन हजार कार्डं घरातल्या कपाटात होती. आता त्यांवर पुस्तक निघणार होतं. पहिल्या दहा कार्डांचे फोटो पुस्तकाच्या सुरुवातीला छापायचे होते. फोटोग्राफर सोमवारी येणार होता.

"बुधवारी संध्याकाळी कार्डं मोजली. सात नंबरचं नाही. आज शुक्रवार."

"सात नंबर कोण होता?"

"एक मुलगा."

"नाव?"

"नाव कार्डावर नसतं. नावांची यादी माझ्याकडे असते आणि ती मी कुणाला दाखवत नाही. आईबापांना तसा शब्द दिलेला असतो."

कंपाउंडर पुढे झुकले. "पण मॅडम, रोग्याचं नाव कळल्याशिवाय औषध कसं..."

"राहू द्या," शोधकबाई म्हणाल्या. "बुधवारी घरात कोण कोण होतं?"

तिघं होती. कार्डांवरचे आकडे कंप्युटरमध्ये भरणारी टायपिस्ट. पुस्तकाचे दुसरे लेखक, म्हणजे मॅडमचे जुने विद्यार्थी असलेले प्राध्यापक. आणि मॅडमचा धाकटा भाऊ. तो गल्लीच्या टोकाला राहायचा. वजनकाटे दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला काटेवाला म्हणत. बुधवारी दुपारनंतर त्याचं दुकान बंद असे आणि तो बहिणीकडे चहाला येई.

"भाऊ तर घरचाच," कंपाउंडर म्हणाले.

मॅडमनी रुमालाची गुंडाळी उलगडली आणि पुन्हा केली.

*

मॅडमची कामाची खोली लहान होती. एका भिंतीला पोलादी कपाट, मधे टेबल, खिडकीपाशी कंप्युटर. कपाटाच्या कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता.

"कार्ड गेलं तरी त्यातला मजकूर कुठे उतरवलेला असेल ना?" शोधकबाईंनी विचारलं.

मॅडमनी एक जुनी वही काढली. प्रत्येक कार्डासाठी एक ओळ. सातवी ओळ अशी होती: जन्म ऑगस्ट ६५. चाचणी फेब्रुवारी ७४. मानसिक वय ९० महिने. बुद्ध्यंक ७९. शेरा: डावखुरा.

"मानसिक वय म्हणजे?"

"मुलानं जेवढी उत्तरं बरोबर दिली, तेवढी साधारण किती वयाचं मूल देतं, ते. त्याला मुलाच्या खऱ्या वयानं भागायचं, शंभरानं गुणायचं. आला बुद्ध्यंक." मॅडम हे हजारदा बोलल्या असाव्यात. वाक्यं एकापाठोपाठ एक, अडखळ नाही. "खऱ्या वयाचा हिशेब कार्डाच्या मागच्या बाजूला केलेला असतो. वहीत फक्त उत्तर."

शोधकबाईंनी ती ओळ आपल्या डायरीत उतरवून घेतली. मग पुढची पानं चाळली. अकराव्या ओळीपासून शेवटी दोन सह्या होत्या. आधीच्या दहांना एकच.

"अकरापासून दुसरी सही कुणाची?"

"त्या वेळच्या मदतनिसाची. प्रत्येक हिशेब दुसऱ्या माणसानं तपासायचा, असा नियम मी केला."

"का?"

मॅडम थांबल्या. "असंच. वाटलं."

टेबलावर कच्च्या कामाचं पॅड होतं. वरचं पान फाडलेलं. शोधकबाईंनी ते उचलून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. वरच्या पानावर कुणीतरी जोर देऊन लिहिलं होतं, त्याचे वळ खालच्या पानावर उमटले होते.

"वाचा बरं, कंपाउंडर."

कंपाउंडरांनी चष्मा कपाळावर चढवला. "वजाबाकी दिसते. खाली उत्तर... आठ, मग रेघ, मग सहा. त्याच्याखाली पुन्हा तीच वजाबाकी. पुन्हा आठ रेघ सहा. अन् तिसऱ्यांदाही तेच!" ते हसले. "कुणाचं तरी डोकं भलतंच जड दिसतंय. एवढीशी वजाबाकी तीनदा करावी लागली."

"तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, हे विसरू नका," शोधकबाई म्हणाल्या.

*

टायपिस्ट चाळिशीची, बोलकी, आणि घाबरलेली होती. "बाई, मी कशाला नेऊ कार्ड? तीन वाजता प्राध्यापकांनी पहिली दहा कार्डं मोजून माझ्या हातात दिली. आधी ही भरा म्हणाले. मी भरली. पाचला परत मोजली तर नऊ."

"मधे खोलीबाहेर गेला होतात?"

"मुलीचा फोन आला, साडेचारला. आवाज नीट येईना म्हणून जिन्यात गेले. दहा मिनिटं असेल. मॅडम आत चहा करत होत्या."

"आणि प्राध्यापक?"

"ते सव्वाचारलाच गेले. मीच दार लावलं. भाऊ तेव्हा नुकते आले होते, इथे खुर्चीवर बसले होते. फार सरळ माणूस हो. कधी कशाला हात लावत नाहीत."

"काम करताना अडचण काही आली?"

"अडचण अशी नाही. मशीन स्वतः हिशेब करतं ना, मग कार्डावरचा आकडा जुळला नाही की लाल खूण दाखवतं. बहुतेक वेळा माझंच बोट चुकलेलं असतं. तशी कार्डं मी खिडकीत बाजूला ठेवते, अन् संध्याकाळी मॅडमना विचारते."

"बुधवारी होतं असं एखादं?"

"होतं वाटतं. एक-दोन. नंबर नाही सांगता यायचा. दिवसाला साठ कार्डं, बाई, डोळ्यांपुढे नुसत्या मुंग्या येतात."

*

प्राध्यापक कॉलेजातल्या आपल्या खोलीत भेटले. त्यांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं.

"सरळच सांगतो. ते कार्ड गेलं याचं मला दुःख नाही. पहिली दहा कार्डं पुस्तकात नकोतच, असं मी वर्षभर सांगतोय. मॅडम तेव्हा बावीस वर्षांच्या, नवशिक्या. त्या दहांवर दुसऱ्या कुणाची तपासणी नाही. उद्या कुणी बोट ठेवलं तर सगळ्या पुस्तकावर पाणी पडेल."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सुरुवात जशी होती तशी दाखवायची. हट्टी आहेत." त्यांचा स्वर जरा मऊ झाला. "तुम्हाला वाटेल मीच नेलं. पण मला न्यायचं असतं तर दहाच्या दहा नेली असती. एक नेऊन काय होणार?"

"एकोणऐंशी म्हणजे कमी का हो?" कंपाउंडरांनी मधेच विचारलं.

"त्या काळी ऐंशीची रेघ होती. त्याखालच्या मुलांना वेगळ्या वर्गात बसवत. आता तशी पद्धत राहिली नाही."

"म्हणजे एका गुणानं..."

"रेघ म्हटली की कुणीतरी एका गुणानं अलीकडे आणि कुणीतरी पलीकडे राहणारच," प्राध्यापक म्हणाले.

जिना उतरताना कंपाउंडर हळूच म्हणाले, "हाच. नक्की हाच. फार गोड बोलतो."

"तो सव्वाचारला गेला, कंपाउंडर. दार टायपिस्टनं लावलं. आणि तेव्हा ती खोलीतच होती."

"मग टायपिस्ट."

"तिनं नेलं असतं, तर लाल खुणेची गोष्ट आपणहून सांगितली असती का?"

*

शनिवारी दोघं काटेवाल्याकडे गेली. दुकान म्हणजे जेमतेम चार पावलांची जागा. फळीवर औषधांच्या दुकानांतले नाजूक काटे काचेच्या पेट्यांत उभे होते. तो पन्नाशीच्या आसपासचा, रुंद हातांचा माणूस. डाव्या हातात चिमटा धरून एक केसाएवढी सुई बसवत होता.

"बसा. हात सोडता येत नाही."

सुई बसल्यावर त्यानं काटा मोकळा केला, थरथर थांबू दिली. पारड्यात एक छोटं वजन ठेवलं, आकडा लिहिला. वजन काढलं, पुन्हा ठेवलं. मग आणखी एकदा.

"एकदा बरोबर आलं होतं की," कंपाउंडर म्हणाले.

"तीनदा तोलल्याशिवाय मी सही करत नाही. माझ्या डोक्याचा मला भरवसा नाही ना." तो अगदी सहज म्हणाला. "लहानपणी वेगळ्या वर्गात होतो. सहा वर्षं टोपल्या विणल्या. मग इथे लागलो. काट्याचं एक बरं असतं. आधी तो शून्यावर आहे का बघायचं. शून्यच चुकलं असेल तर मालाला दोष देऊन काय उपयोग?"

"बुधवारी तुम्ही मॅडमकडे होतात."

"होतो."

"कार्ड पाहिलंत?"

त्यानं चिमटा पेटीत ठेवला, पेटी बंद केली. "ताई जेवते का हो नीट? दोन दिवस मला दार उघडते, पण बोलत नाही."

"जेवत नसाव्यात."

"पुस्तक थांबणार नाही ना? तिचा सगळा जन्म आहे त्यात."

"तुम्ही येत्या ऑगस्टात किती वर्षांचे होणार?" शोधकबाईंनी विचारलं.

"एकोणपन्नास," तो म्हणाला. मग त्यानं मान वर केली. "ऑगस्ट तुम्हाला कसं कळलं?"

शोधकबाई उठल्या. "रविवारी सकाळी दहाला मॅडमकडे या. सोबत काय आणायचं ते तुम्हाला माहीत आहे."

*

रविवारी त्या लहान खोलीत चौघं बसली. मॅडम कपाटाला पाठ टेकून. काटेवाला दाराजवळ, गुडघ्यांवर एक चपटी लाकडी पेटी घेऊन. चहा कुणी घेतला नाही.

"मॅडम," शोधकबाई म्हणाल्या, "सात नंबर कोण, ते तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. कार्ड कुणी नेलं असेल, तेही. चोर दुसरा कुणी निघावा एवढ्यासाठी तुम्ही माझ्याकडे आलात."

मॅडमनी ते नाकारलं नाही.

"वहीतला सात नंबरचा मुलगा डावखुरा, ऑगस्टात जन्मलेला. हे डाव्या हातानं काम करतात. ऑगस्ट मी अंदाजानं म्हटलं आणि ते चपापले. ऐंशीखालची मुलं वेगळ्या वर्गात जात, आणि हे वेगळ्या वर्गात होते. सात नंबर म्हणजे तुमचा भाऊ."

"मला सराव हवा होता," मॅडम म्हणाल्या. "नवीन नोकरी. घरात आठ वर्षांचा भाऊ. शाळेतून तक्रार आली होती, लक्ष देत नाही म्हणून. मी म्हटलं, बघू या तरी. आणि आकडा आल्यावर आईबाबांना मीच सांगितलं की त्याला तिथे घालणं त्याच्या भल्याचं आहे." आवाज अगदी कोरडा होता. "माझ्याच आकड्यावरून त्याला तिथे घातलं, हे आता त्याला कळलं. म्हणून त्यानं कार्ड नेलं. त्याला राग यायचा हक्क आहे."

"मलाही शुक्रवारी राग हेच कारण वाटलं," शोधकबाई म्हणाल्या. "पण रागावलेला माणूस पुरावा लपवत नाही, चारचौघांत फडकवतो. कार्ड तसंच राहिलं असतं तर सोमवारी त्याचा फोटो निघून हजार घरांत गेला असता. ते लपवून फायदा एकाच माणसाचा होता. तुमचा."

"माझा?"

"टायपिस्ट म्हणाली, हिशेब जुळला नाही की मशीन लाल खूण करतं आणि ती ते कार्ड खिडकीत ठेवते. ती जिन्यात गेली, तुम्ही चहा करत होतात. तुमच्या भावानं खिडकीतलं कार्ड सहज उचललं, जन्ममहिना आणि 'डावखुरा' वाचून ते आपलंच म्हणून ओळखलं. मग पॅडवर एक वजाबाकी केली. एकदा नाही, तीनदा. स्वतःच्या डोक्याचा भरवसा नसलेला माणूस दुसरं काय करणार? उत्तर तिन्ही वेळा आठ वर्षं सहा महिने." त्यांनी डायरी उघडली. "मॅडम, नव्वदला कशानं भागून शंभरानं गुणलं तर एकोणऐंशी येतात?"

मॅडम तोंडी हिशेबात तरबेज होत्या. ओठ हलले. "एकशे चौदा."

"एकशे चौदा महिने म्हणजे साडेनऊ वर्षं. आता फेब्रुवारी चौऱ्याहत्तरमधून ऑगस्ट पासष्ट वजा करा."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"दोनातून आठ जात नाहीत," मॅडम पुटपुटल्या. "वर्षातून हातचा घ्यायला हवा. मी आठातून दोन वजा केले. आणि चौऱ्याहत्तरचे त्र्याहत्तर केलेच नाहीत." त्यांनी डोळे मिटले. "साडेआठ. तो साडेआठ वर्षांचा होता. नव्वद भागिले एकशे दोन..."

"अठ्ठ्याऐंशी," दारातून आवाज आला. "मी केलं, तीनदा."

आपल्याला काहीतरी वाचता आलं नाही, असं कंपाउंडरांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

काटेवाल्यानं पेटीतून कार्ड काढून बहिणीच्या पुढ्यात ठेवलं. "जाळणार होतो. पण तुझं अक्षर आहे. हात धजेना."

"मला सांगितलं का नाहीस?" मॅडमचा आवाज फाटला. "मी तुझं सगळं... आणि तू मलाच सांभाळत बसलास?"

"काय सांगू? तू रोज सकाळी या कपाटापाशी उभी राहतेस. देवापुढे उभं राहावं तशी. मला वाटलं, एक कार्ड काढलं तर बाकीची तरी टिकतील." तो अवघडून हसला. "आणि ताई, अठ्ठ्याऐंशी म्हणजे तरी काय ग्रेट आहे? मी काही मोठा साहेब झालो नसतो."

"पण तुला टोपल्या विणायला लागल्या नसत्या!"

"नसत्या," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज हलला. "तेवढं मात्र खरं. ते मला आवडायचं नाही, ताई. मला वाटायचं, मी खरंच तसा आहे म्हणून आवडत नाही."

मॅडम उठल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या. त्यांनी त्याचे दोन्ही रुंद हात धरले. त्यांना रडताना त्या खोलीनं कधी पाहिलं नसावं.

शोधकबाई खिडकीकडे वळल्या. थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "अकराव्या कार्डापासून दुसरी सही. का, ते तुम्हाला सांगता आलं नाही. चाळीस वर्षांत सात नंबर पुन्हा कधी काढून पाहिलंत?"

"कधीच नाही. हात लावायला नको वाटायचं." मॅडमनी पदरानं चेहरा पुसला. "साडेतीन हजार मुलांच्या डोक्यात डोकावले. आणि माझ्याच डोक्यातलं हे एवढं..."

"माझ्या विद्येचीही तीच गत," शोधकबाई म्हणाल्या. "कार्ड कुणी नेलं ते मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ओळखलं. का नेलं, ते मात्र तुम्ही जेवता का असं त्यांनी विचारलं तेव्हा कळलं. त्याला तर्क म्हणत नाहीत."

मॅडमनी कार्ड उजेडात धरलं. बावीस वर्षांच्या मुलीचं गोल, नीटस अक्षर. "हे छापायचं," त्या म्हणाल्या. "चुकीसकट. खाली बरोबर उत्तर. आणि त्या चुकीनं काय झालं, तेही. बाकीची नऊ उद्या दोघं मिळून तपासू. तू तीनदा कर."

"ताई, लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. पण तुझी परवानगी लागेल. ती नसेल तर पुस्तकच नको."

काटेवाल्यानं विचार केला. घाई न करता, खिडकीबाहेर बघत. "देतो. पण सात नंबर असं नको लिहू. 'माझा धाकटा भाऊ' असं लिही."

मॅडमनी मान हलवली.

कंपाउंडर उठून चपला शोधू लागले. शोधकबाईही निघाल्या. दारात असताना त्यांना मागून मॅडमचा आवाज ऐकू आला. तो चाचणी घेणाऱ्या बाईचा आवाज नव्हता.

"मी तुला तेव्हा छप्पन्न प्रश्न विचारले. एक विचारायचाच राहिला. शाळेत तुला काय आवडायचं रे?"

पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नकाशे," काटेवाला म्हणाला. "नद्या काढायला. सगळी मुलं डोंगरापासून काढायची. मी समुद्रापासून सुरू करायचो, उलटा वर वर जायचो. म्हणजे ती कुठून आली ते शेवटी कळतं. गुरुजी म्हणायचे, चूक."

"चूक कशी?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "मला काढून दाखव."

त्यानं कागद सरळ केला, आणि समुद्र काढायला घेतला.